पाणी आल्यावर घरी कोण?

नळाच्या पाण्याला सरकारी भाषेत लोकोपयोगी सेवा म्हणतात. म्हणोत बापडे. हर्सूलकडच्या आमच्या गल्लीत ही सेवा कधी उगवेल, याचा नेम नसायचा. आज येणार म्हटलं की यायची नाही, आणि आशा सोडली की भर दुपारी टपकायची. दाब इतका कमी, की अंगणात खड्डा खणून नळ खाली उतरवलेला. असून अडचण, नसून खोळंबा. पाण्याची वाट बघत कुणीतरी घरात बसायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी.

नवऱ्याचं घर सोडून मी धाकट्या भावाकडे आले होते. भाऊ-भावजय दोघंही नोकरीला, पोरं शाळेत. पाणी आलं की आधीचं गढूळ सोडून द्यायचं, मोटर लावायची, टाकी भरायची, मग ड्रम, हंडे, कळशा. लाईट नसली तर खड्ड्यात उतरून बादलीनं उपसायचं. पाहुणे आले की भाऊ कौतुकानं सांगायचा, "अक्का हाय म्हणून आम्हाला पाण्याचं टेन्शन नाय." शाळेत आम्हाला उपयुक्त प्राण्यांवर निबंध असायचा. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो. भावाचं ते वाक्य ऐकलं की मला तो निबंध आठवायचा आणि हातातला चहा त्याच्या डोक्यावर ओतावासा वाटायचा.

मग वाळूजला गाड्यांची सीटकव्हरं शिवायच्या कारखान्यात जागा निघाली. गल्लीतल्याच एका बाईनं माझ्यासाठी शब्द टाकला. माझी शिलाई बघून त्यांनी सोमवारपासून यायला सांगितलं. कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावरूनच जायची. पगार हातात आला की वेगळी खोली घ्यायची, हे मी मनात पक्कं केलं होतं. मला त्या घरातून निघायचं होतं, सरळच सांगते.

भावाला सांगितलं. तो चिडला असता तर भांडता तरी आलं असतं. पण तो खरोखरच गोंधळला. "अगं, पण पाणी आल्यावर घरी कोण ऱ्हाईल?"

"आमचं तरी कोण हाय अक्का, तुमच्याबिगर?" भावजय म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. नळाला नसलं तरी तिच्या डोळ्यांना पाणी कधीही यायचं.

मी राहिले. जागा दुसरीला गेली. सकाळी बसचा हॉर्न वाजला की मी मुद्दाम भांडी आपटायची.

काही वर्षांनी भावानं एक यंत्र बसवलं. नळाला पाणी आलं की मोटर आपोआप सुरू, टाकी भरली की आपोआप बंद. त्याच आठवड्यात भावजय म्हणाली, "अक्का, आता तुम्ही मोकळ्या झालात. कुठं काम बघायचं तर बघा की. उगं घरात बसून तरी काय करायचं?" गरज सरो, वैद्य मरो. वाळूजला जाऊन विचारून आले. त्यांना आता तरण्या पोरी हव्या होत्या. घरी परतले तर पाहुणे बसलेले, आणि भाऊ त्या यंत्राच्या डब्यावर हात ठेवून सांगत होता, "हे हाय म्हणून आम्हाला पाण्याचं टेन्शन नाय."

उन्हाळ्यात एका दुपारी लाईट गेली आणि नेमकं पाणी आलं. गल्लीभर एकच ओरडा. यंत्र गप्प. घरातली टाकी तळाला गेलेली. तेवढ्यात कंपनीतून भावाचा फोन.

"अक्का, पाणी आलंय म्हणं. लाईट नाय ना? खड्ड्यात उतर की जरा."

"टेन्शन नको घेऊस," मी म्हटलं. "ते हाय ना."

फोन ठेवून मी खड्ड्यात उतरले. एक हंडा भरला, माझा. तो माझ्या अंथरुणापाशी नेऊन ठेवला. मग परत येऊन नळ घट्ट बंद केला आणि आत जाऊन पडले. शेजारणी दारातून हाका मारत होत्या, फोन वाजत होता. मला फार बरं वाटलं.