पित्तराचं पान

प्रयागबाईच्या तोंडाला जुन्या शुक्रवारीची सारी वस्ती वचकून असे, आणि मांडे हवे असले की सारी तिच्याच दारात येई. सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत लांबवायची अन् चुलीवरच्या उपड्या मडक्यावर अलगद टाकायची. तेवढा वेळ बाईची जीभ गप्प. एरवी देवाचीही सुटका नव्हती!

एकाहत्तर साली एका लग्नात तिनं प्रोबेशनच्या साहेबांपुढे हात दुखण्याचं गाऱ्हाणं गायलं. साहेब म्हणाले, "एक पोरगा देतो. पण आधीच सांगतो बाई, सतराव्या वर्षी कन्हानच्या जत्रेत भांडणात त्याच्या काठीनं एक मुलगा मेला. वय बघून न्यायाधीशांनी मोठ्या तुरुंगात न टाकता पोरांच्या सुधारशाळेत पाठवलं. वागणूक चांगली, म्हणून मुदतीआधी सोडतोय. तुमच्या हवाली राहील. एक तक्रार आली, तर उरलेली शिक्षा पुन्हा आत."

"ते राहू द्या. कणीक मळते का?" बाईनं विचारलं.

मधुसूदन आला तो खाली मान घालून. पहिल्याच संध्याकाळी तो मेलेल्या मुलाबद्दल सांगायला लागला, तशी बाई उसळली. "चूप! नाव नको सांगू मले. दहा घरी तोंड दाखवा लागते. कोणाचं लेकरू गेलं हे कळलं, तर त्या मायपुढं माही मान वर नाही व्हायची."

पोरगा शिकला बरं! हात भाजले, मांडे फाटले, गल्लीतल्या टवाळांनी "मांडेवाल्या बाई" म्हणून चिडवलं. त्या टवाळांच्या सात पिढ्या बाईनं भर रस्त्यात उद्धरल्या. त्याला मात्र दिवसभर शिव्या देई आणि त्याच्या ताटात चोरून तुपाची धार धरी. पोटी मूल नव्हतं तिच्या. जीव जडला, दुसरं काय!

पुढल्या अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी गांधीबागेतली देवकी मांडे सांगायला आली. अखजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं त्याच्यासारख्याच कोणाला तरी पित्तर म्हणून पानावर बसवतात. तो जेवला की आपला माणूस जेवला.

"मावशी, बिनलग्नाचा एखादा पोट्टा पाहून द्या ना," देवकी म्हणाली. "दर साली बसे, त्याचं लगन झालं औंदा. माहा लेक जाऊन पाच वर्षं झाले."

कसा गेला, हे बाईनं विचारलं नाही. सणाच्या तोंडावर आईला असं कोणी विचारतं का? उलट तिची छाती फुगली. आपल्या पोराला पित्तराचा मान!

"पाहा काहून लागते वं? माहाच हाय की!"

दुसऱ्या दिवशी नवा सदरा घालून मधुसूदन देवकीच्या घरी पानावर बसला. बाई कौतुकानं दारातच टेकली. देवकीनं पानाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि म्हणाली, "ओमप्रकाश, ये बापा. जेव."

मधुसूदनचा घास हातातून सुटला. तो ताडकन उठला.

"माय, मले या पानावर नाही बसता येत. मीच तो. मधुसूदन."

देवकीचा भाऊ गणपतराव पुढे धावला. खटल्याला तोच जाई, पण आता दाढीमिशी आलेल्या पोराला त्यानं ओळखलं नव्हतं. "हाव, हाच! थांब, आत्ताच साहेबाकडे जातो. उद्याच जाशीन आत!"

प्रयागबाई दारातून आत आली. तिनं देवकीचे पाय धरले. "मीनं आणलं त्याले, बाई. त्याले ठाऊक नव्हतं हे घर. काय बोलाचं ते मले बोल, पण माह्यापासून नको नेऊ त्याले."

देवकी तिच्याकडे बघतही नव्हती. ती त्या पोराकडे बघत होती.

"दादा, कोठी नाही जाचं," ती शेवटी म्हणाली. मग मधुसूदनला म्हणाली, "बस."

तो हलेना.

"एक डाव जगातून उठवलं तू त्याले. आता पानावरून तरी नको उठवू. बस."

मधुसूदन बसला. त्यानं मांड्याचा लहानसा तुकडा मोडला; डोळ्यांतलं पाणी पानात पडत होतं. देवकीनं मांड्यावर तूप वाढलं, पुन्हा वाढलं.

"पोटभर जेव गा," ती म्हणाली. "अर्धपोटी उठला, तर माहा लेक उपाशी जाईन."