व्हिडिओ मोडवरचा सत्कार

गावात माझ्याबद्दल एक गोष्ट पसरवलेली आहे. मी कॅमेरा घेतला तोच मुळी एका पुढाऱ्याला उघडं पाडायला, असं म्हणतात. पसरवणारे कोण ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. रस्त्यात भेटले की "काय सर, शूटिंग जोरात का?" असं विचारतात. मी उत्तर देत नाही. काय झालं ते इथं लिहितो, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

घरातला पहिला पदवीधर मी. बी.एस्सी. झालो, सिरसाळ्यात एका क्लासमध्ये गणित शिकवतो. वडील गवंडी. त्यांनी उचललेल्या भिंती आसपासच्या गावांत उभ्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत आम्हाला अजूनही ओसरीच्या पुढं बोलावत नाहीत. आम्ही बौद्ध. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती आहे, विहाराशेजारी घर. परळीतला एक स्टुडिओ बंद पडत आला होता, तिथून मी जुना डिजिटल कॅमेरा घेतला. क्लास सुटल्यावर वाढदिवस, साखरपुडे करावेत एवढाच विचार होता. डायलवर एक लहानसं व्हिडिओचं चिन्ह होतं. त्याच्याकडं मी कधी बोट नेलं नव्हतं.

ते नेलं माझ्या धाकट्या बहिणीमुळं. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. धावण्यात ती बरी होती, पण गोळाफेकीत मार खायची. शाळेमागच्या माळावर पहाटे गोळा टाकायची, आणि तो रोज त्याच त्याच ठिकाणी पडायचा.

"दादा, मी टाकताना फोटो काढ. कुठं चुकतं ते कळंल."

मी काढले. एका फोटोत गोळा मानेला लावलेला आणि दुसऱ्यात गोळा हवेत. मधलं काहीच नाही.

"मधलंच तर पायजे," ती म्हणाली. "हे तर मला बी म्हाईत हाय, आधी हातात असतो आन मग नसतो."

म्हणून मी सिरसाळ्यातल्या एका शूटिंगवाल्याकडं गेलो. लग्नात खांद्यावर मोठा कॅमेरा घेऊन सगळ्यांच्या पुढं उभा राहणारा तो. या कॅमेऱ्यावर व्हिडिओ कसा काढायचा, एवढंच विचारलं. त्यानं माझा कॅमेरा हातात घेऊन उलटापालटा केला आणि गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "शूटिंगचा कॅमेरा खांद्यावर असतो सर. हा गळ्यात घालायचा दागिना हाय. तुमी फोटोच काढा." गिऱ्हाईक हसलं. मी कॅमेरा उचलला आणि निघालो. त्यानंतर त्याला मी काही विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. डोकं आहे, पदवी आहे, शिकू.

शिकलो, पण फजिती करून. फोटोवाल्याला सवय असते, माणूस उभा असला की कॅमेराही उभा धरायचा. बहीण धावताना मी चालू व्हिडिओत कॅमेरा उभा केला. घरी टीव्हीला वायर लावली तर बहीण भिंतीवरून सरळ वर पळत होती आणि माळ बाजूला टांगलेला. आई खाटेवर मान वाकडी करून बघत होती. "पाल हाय का काय ही?" म्हणाली. दुसऱ्या वेळी फोकस माझ्याकडून बाभळीवर राहिला. बाभळीचा काटा न् काटा दिसला आणि पुढं एक धुरकट आकृती काहीतरी फेकत होती. मग समजलं, फोटोत एकदा फोकस लावला की काम संपतं, इथं माणूस हलला की सगळं पुन्हा लावावं लागतं. श्वास घेतला तरी चित्र हलतं. म्हणून वडिलांच्या मालाच्या घमेल्यात वाळू भरली आणि कॅमेरा वाळूत रोवून ठेवला. तेव्हा कुठं नीट आलं.

आणि नीट आलं तेव्हा चूक दिसली. गोळा सोडायच्या आधीच तिचं कोपर खाली पडत होतं. व्हिडिओ पुन्हापुन्हा थांबवून आम्ही ते बघितलं. दुसऱ्या दिवसापासून कोपर वर धरून टाकायला लागली. पावसाळा गेला, थंडी गेली, ती टाकत राहिली. भरती झाली, निवड यादी लागली तेव्हा तिचं नाव यादीत होतं. कुणाची चिठ्ठी नव्हती, कुणाचा फोन नव्हता. तिचं कोपर होतं.

यादी लागल्याबरोबर आमच्या भागातल्या पुढाऱ्याला आमची आठवण आली. त्यांना सगळे साहेब म्हणतात. साहेब वस्तीत मतं मागायला येतात तेव्हा गाडीतून उतरतात, एरवी काच खाली करतात. त्यांचा गावातला कार्यकर्ता, पांढऱ्या शर्टाचा, माझ्याच वयाचा, घरी आला. दारातूनच म्हणाला, "पोरीचा सत्कार हाय, ग्रामपंचायतीसमोर. साहेब येणार हायेत. कॅमेरा हाय ना बे तुझ्याकडं? फोटो काढ. बॅनरला लागतेत."

मी हो म्हणालो. सत्कार ऐकूनच वडिलांनी पेटीतून इस्त्रीचा शर्ट बाहेर काढला होता, त्यांच्या तोंडाकडं बघून हो म्हणालो.

सत्काराच्या दिवशी मी डायल व्हिडिओवरच ठेवला. मला वाटलं होतं बहिणीला बोलायला देतील, माईक देतील. ते बोलणं आईला टीव्हीवर दाखवायचं होतं, कारण आई गुडघ्यांमुळं फार वेळ उभी राहू शकत नव्हती. फोटो नंतर काढू, असं ठरवलं. यात कट नव्हता. कट करायची हुशारी तेव्हा माझ्यात असती तर मी कबूल केलं असतं.

साहेब आले, घाईत. शाल आली. त्यांनी बहिणीच्या खांद्यावर शाल टाकली आणि दोन्ही टोकं धरून माझ्याकडं बघून हसले. मी अगदी पुढ्यात, दोन हातांवर. व्हिडिओ चालू. आता फोटोच्या कॅमेऱ्यापुढं माणूस काय करतो? फ्लॅश पडेपर्यंत हलत नाही. साहेबांचं हसू तसंच राहिलं, शाल तशीच धरलेली, वडील मागं हात जोडून उभे, कार्यकर्ता कडेला मान ताणून. फ्लॅश पडेना. माईकवाला पुढचा कागद शोधत होता, भोंगा गप्प. आणि साहेब दात तसेच ठेवून, ओठ जेमतेम हलवून, कार्यकर्त्याला म्हणाले,

"कुणाची पोरगी म्हणला ही?"

"गवंड्याची, साहेब. खालच्या वस्तीतली."

"त्यांच्यातली हाय व्हय? उरका मग. धारूरला जायचंय." आणि माझ्याकडं बघून, हसतच, "काढ की बे लवकर."

बहिणीनं ऐकलं. शालीखाली ती होती, तिला ऐकू न यायला काय झालं. मी कॅमेरा खाली घेतला नाही, बंदही केला नाही.

लगेच साहेबांनी माईक घेतला. "ही मुलगी माझ्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झाली," म्हणाले. "हिच्या वडिलांना मी वर्षानुवर्षं ओळखतो. भरतीच्या वेळी मी वरती शब्द टाकला. गरिबाची लेक आहे, म्हटलं, हिचं झालंच पाहिजे." टाळ्या. वडिलांनी हात जोडलेलेच होते, ते आणखी वर नेले. बहिणीला माईक दिला नाही. साहेब गाडीत बसले आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. नळावर बायका आईला म्हणाल्या, "साहेबाची कृपा झाली बाई तुमच्यावर." वडील कामावर गेले तर मालक म्हणाला, "कितीला पडली रे नोकरी?" माझ्या क्लासातली पोरं आपसात बोलली की सरांची बहीण वशिल्यानं लागली. जी पोरगी वर्षभर पहाटे माळावर लोखंड फेकत होती, तिला गावानं एका भाषणात फुकटी ठरवलं. बहीण घरात एवढंच म्हणाली, "मी ड्युटीवर गेले तरी हे असंच म्हणतील. मरेपर्यंत म्हणतील."

मग कार्यकर्ता फोटो मागायला आला. मी चौकातल्या हॉटेलात चहा घेत होतो, कॅमेरा जवळ होता, संध्याकाळी एक साखरपुडा होता. तो म्हणाला, "फोटो दे, बॅनर छापायला टाकायचंय. वर लिहायचंय, साहेबांच्या अथक प्रयत्नानं."

मी कार्ड चाळलं. एकही फोटो नव्हता. नंतर काढू म्हणालो होतो आणि साहेब निघून गेले होते.

"फोटो न्हाईत. व्हिडिओ हाय."

"कावून? फोटो काढ म्हणलो होतो ना तुला? मुद्दाम केलंस काय बे?"

"मुद्दाम न्हाई."

"दोन पुस्तकं शिकलास म्हणून लई शाना झाला का? दाखव."

दाखव म्हणाला म्हणून दाखवलं. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर लावलं आणि आवाज पूर्ण वाढवला. पाच-सहा जण वाकले. हॉटेलवाल्यानं टीव्ही बारीक केला, त्यालाही बघायचं होतं. शाल, हसू, आणि त्या हसण्यातून स्पष्ट आवाज: कुणाची पोरगी म्हणला ही? मग वस्ती. मग धारूर. मग त्याच दमात, मध्ये कुठं तुटलेलं नाही, माझ्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झाली.

मग कोपऱ्यातला एक म्हातारा खोकला आणि म्हणाला, "डोळ्यांदेखत मोठी झाली, आन बापाचं नाव विचारायला माणूस ठिवलाय." दोघं-तिघं हसले, पण कपात तोंड घालून.

कार्यकर्ता हसला नाही. "पुसून टाक," म्हणाला.

"न्हाई."

"माझ्या तोंडचं बी हाय त्यात. पुसून टाक म्हणतो."

"न्हाई पुसत."

तो जवळ आला आणि हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू. "बहिणीची चारित्र्य पडताळणी व्हायचीय अजून. गावात चौकशीला येतेत. कोण काय सांगतं, ते बघ मग."

मी घाबरलो. हे लिहायला मला लाज वाटत नाही. माझी नोकरी असती तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. ती तिची होती. मी घरी गेलो आणि बहिणीला सगळं सांगितलं. म्हणालो, पुसू का?

"पडताळणी ठाण्यातून होते," ती म्हणाली. "माझ्यावर ना गुन्हा, ना काय. आन तो कोण हाय सांगणारा?" मग म्हणाली, "पुसायचा न्हाई. कुणाला पाठवायचा बी न्हाई. चल माझ्यासोबत."

ती मला घेऊन कार्यकर्त्याच्या घरी गेली. त्याची आई अंगणात धान्य पाखडत होती, तिच्यासमोरच त्याला म्हणाली, "दादा, तुमाला फोटो पायजे, तर व्हिडिओतून एक चित्र काढून देतो. बॅनर लावा. साहेबांचं तोंड कितीबी मोठं करा. पण प्रयत्नानं बियत्नानं लिहायचं न्हाई. नुसतं अभिनंदन. आन खाली, गवंड्याची लेक."

"आन लिहिलं तर?"

"तर हा व्हिडिओ माझ्याच हातानं गावभर जाईल. मग माझी नोकरी गेली तरी चालंल. तुमचं काय ते बघा."

त्याच्या आईनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "काय हाय रं त्यात?" त्यानं मान खाली घालून चित्र कधी देता एवढंच विचारलं. आम्हाला एवढं पुरलं.

व्हिडिओतून चित्र काढायचं मी आधी कधी केलं नव्हतं. क्लासच्या कॉम्प्युटरवर बसलो, तो सत्कार पुढंमागं सरकवत राहिलो. साहेब शाल धरून उभे आहेत तेवढाच भाग कामाचा, त्यातही नुसतं हसू होतं तेव्हा फोकस मागच्या वडिलांवर राहिलेला, आणि फोकस बसला तोवर साहेब बोलायला लागलेले. जिथं त्यांचा ओठ मिटत आला तिथं बहिणीचे डोळे मिटलेले, किंवा माझा हात हललेला. तिचा चेहरा सगळ्यात ठसठशीत, मान ताठ, असं एकच चित्र होतं. तेच दिलं. त्यात साहेबांचं तोंड अर्धं उघडं आहे, दात दिसतायत आणि जीभ टाळूला लागलेली आहे. ते "कुणाची"तल्या "णा"वर आहेत, हे मला माहीत होतं. चित्र बॅनरएवढं मोठं केल्यावर फुटलं, दाणेदार झालं. तोंड मात्र स्पष्ट राहिलं.

बॅनर चौकात लागला. प्रयत्न नव्हते. अभिनंदन होतं, आणि खाली एका ओळीत वडिलांचं नाव, पुढं गवंडी. वडील कामावरून येताना सायकल थांबवून वाचत उभे राहिले, ते मी लांबून पाहिलं. जवळ गेलो नाही.

पडताळणीला ठाण्यातून माणूस आला. गावातल्या दोघांना विचारलं, दोघांनी चांगलं सांगितलं. त्यातला एक हॉटेलवाला. बहीण ट्रेनिंगला गेली.

बॅनरखाली मात्र पोरं थांबायला लागली. हॉटेलात ऐकलेलं एकानं दुसऱ्याला सांगितलं होतं. मी तर कुणाला क्लिप दिली नाही, आजही दिलेली नाही. एक पोरगं साहेबांच्या तोंडाकडं बोट करायचं, "कुणाची पोरगी म्हणला?" आणि बाकीचे ओरडायचे, "गवंड्याची, साहेब." नळावरही आता कुणी कृपा म्हणत नव्हतं. बायका आईला विचारत होत्या, लोखंडाचा गोळा किती वजनाचा असतो म्हणून.

एका सकाळी कार्यकर्ता क्लासवर आला. पोरं बसलेली, फळ्यावर समीकरण अर्धं. त्यानं मला दारात बोलावलं. या वेळी बे नव्हतं.

"सर, तो बॅनर बदलायचा हाय. साहेबांनी बघितला. दुसरं चित्र द्या, तोंड मिटलेलं."

"तोंड मिटलेलं न्हाई."

"एवढ्या मोठ्या व्हिडिओत एक बी न्हाई?"

"ते गप्प कुठं होते?" मी म्हणालो, आणि आत जाऊन समीकरण पूर्ण केलं.