भरल्या हंड्याची मजुरी

फवारणीच्या दिवशी मी भर शेतात सांगून बसलो की ज्याच्या अंगावर वजन जास्त, त्याला मजुरी जास्त.

सोनाळ्याकडच्या माझ्या शेतात एक नवरा-बायको वर्षानुवर्षं कामाला येतात. तो पाठीवर पंप घेऊन सोयाबीन फवारतो, ती विहिरीवरून पाणी आणून पंप भरून देते. त्याला पाचशे, तिला अडीचशे. ती मला भाऊ म्हणते, भाऊबीजेला ओवाळते, आणि ताटात नोट टाकताना माझा हात कधी आखडत नाही. मजुरी ठरवताना मात्र तो आपोआप आखडतो. त्या सकाळी तिनं सरळ विचारलं, "भाऊ, आमची दोघायची रोजी सारखी काऊन नाही?" त्यावर माझं ते वजनाचं उत्तर.

डोक्यावरचा हंडा न उतरवताच ती म्हणाली, "त्याच्या पंपात माह्याच हंड्यातलं पाणी हाय. त्याचं वझं फवारता फवारता हलकं होते. माहं विहिरीपासून इथलोक भरलेलंच रायते."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तोंडावरच्या फडक्याआडून तो म्हणाला, "मले नोका विचारू. मले संध्याकाळी घरी जा लागते."

"एक खेप तुमी आणून पाहा," ती म्हणाली.

तिथंच 'बरं, सारखी देतो' म्हणायला काय हरकत होती? पण मी चुंबळ डोक्यावर ठेवली. विहिरीपासून वीसेक पावलांवर काळ्या मातीत पाय रुतला. हंडा पुढे गेला, मी मागे बसलो.

दोघं धावत आले, दोन बगलांना धरून त्यांनी मला उभं केलं. हंड्याला पोचा पडला का, हे तिनं पाहिलंच नाही. आधी माझा घोटा दाबून पाहिला, मग पदरानं माझ्या चष्म्यावरचा चिखल पुसला. भाऊबीजेला टिळा लावते, तितक्याच हळू हातानं. घोटा दुखत नव्हता. तरी मला मान वर करवेना.

बांधाशेजारचे अजून म्हणतात की मी गावाचा भाव बिघडवला. त्या संध्याकाळी मी दोघांना पाचशे-पाचशे दिले.

"आजच्याच दिवस?" तिनं विचारलं.

"नाही. आता असंच."

तिनं नोटा कनवटीला खोचल्या आणि निघता निघता थांबली. "वजनावर रोजी म्हनले होते ना भाऊ? मंग तुमाले चिखलातून उचललं, त्याचे कुठी हायेत? हंडा तं त्याच्यापुढं काईच नोता."