डंक्याची पाहणी

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमचं घर होतं आणि घराच्या पुढच्या खोलीत आईचा डंका. लोखंडी मुसळं वरखाली आपटायची आणि खाली मिरची कुटली जायची. वडील गेल्यावर आईने त्यावरच मला शिकवलं. उन्हाळ्यात बायका डबे घेऊन यायच्या. आपला मसाला दुसरीच्या मसाल्यात मिसळू नये म्हणून नाकाला पदर लावून शेवटपर्यंत समोर बसायच्या.

दोन हजारच्या सुमारास शेजारी मोठी इमारत झाली. तिथल्या लोकांनी मिरचीच्या खकाण्याची तक्रार केली. प्रांतसाहेबांच्या कोर्टात सार्वजनिक उपद्रवाची केस उभी राहिली आणि निकालाआधी साहेब स्वतः पाहणीला येणार असं कळलं.

"आई, आज डंका बंद ठेव," मी म्हणालो.

"साहेब डंका बघायला येणार आणि मी बंद डंका दाखवू? पाहुणा जेवायला आल्यावर चूल विझवतोस का तू?"

"ते जेवायला येत नाहीयेत."

"गप रे. बेडगी घालते. बेडगीनं कुणाला ठसका लागलाय?"

तिने फरशी धुतली, दारात रांगोळी काढली, साहेबांसाठी खुर्ची मांडली. ते बसले आणि तिने बटण दाबलं. साहेबांना एक शिंक आली, मग शिंकांवर शिंका. कारकुनाच्या डोळ्यांना धार लागली.

"मावशी, बंद करा हो!" साहेब ओरडले.

"एवढा घाणा होऊ द्या साहेब. अर्धवट कुटलेलं टिकत नाही."

डंका बंद करण्याचा आदेश आला. सील लागत होतं तेव्हा मी आईशेजारी उभा राहून इमारतीवाल्यांना मोठमोठ्याने शिव्या देत होतो. खरं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं. माझी मुलगी लहान होती. दर उन्हाळ्यात ती रात्ररात्र खोकायची. तक्रारीत एकही ओळ खोटी नव्हती आणि हे मी घरात कधी बोललो नव्हतो.

पुढची खोली गेल्यामुळे आम्ही मागच्या दाराने ये-जा करू लागलो. पुढच्या उन्हाळ्यात आई त्या दारात चिंच फोडत बसली होती.

"पोरीचा खोकला गेला ना रे?" तिने विचारलं.

"कुठला जातोय! खोकते की अधूनमधून."

आईने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याच कुशीत झोपते ती," ती म्हणाली आणि पुढची चिंच हातात घेतली.