दोन सेकंद मागं

लातूरच्या ड्रायव्हिंग प्रशिक्षण केंद्रात मी मशीन सांभाळायचो. मशीन म्हणजे बसची खोटी केबिन: स्टिअरिंग खरं, ब्रेक खरे, काचेच्या जागी पडदा. तसंच दुसरं नांदेडला. दोन्ही नेटनं जोडलेली, रस्ता एकच. आमच्याकडून बस निघायची, तिकडून उसाचा ट्रॅक्टर आडवा यायचा. परीक्षक नांदेडला बसायचे. तिथल्या पडद्यावर दिसेल तोच निकाल.

त्यासाठी दोन्हीकडची घड्याळं जुळलेली लागतात. ती आपोआप जुळवायची सोय होती, पण तिच्यामुळं नेट अडकतं असा माझा समज झाला आणि मी ती बंद केली. त्याऐवजी रोज सकाळी नांदेडच्या ऑपरेटरला फोन लावायचो. तो घड्याळ बघायचा, "हां भाऊ, घ्या बरं का," म्हणायचा आणि मग बघितलेली वेळ सांगायचा; तीच मी आमच्या घड्याळात लावायचो. या अदबीला दोन सेकंद लागत. आमच्याकडं दोन सेकंदांना कुणी उशीर म्हणत नाही.

लातूरजवळच्या मुरुडची एक बाई परीक्षेला आली. घरच्यांनी बजावलं होतं, ही शेवटची खेप, नापास झालीस तर हा नाद सोड. माझ्या डोळ्यांदेखत तिनं ट्रॅक्टरच्या हातभर अलीकडं बस थांबवली. नांदेडला मात्र बस ट्रॅक्टरमध्ये घुसली. आमचं घड्याळ मागं, त्यामुळं तिथल्या मशीनला आमची खबर शिळी वाटायची; एवढ्यात बस कुठवर गेली असेल याचा अंदाज बांधून ते तिला पुढं ढकलायचं. निकाल, नापास.

कारण मला तासाभरात कळलं. सांगायला दोन दिवस लागले. नोकरी जाईल म्हणून घाबरलो होतो, दुसरं काही नाही. शेवटी कबूल केलं. परीक्षकांनी माझी यथासांग पूजा बांधली, बंद केलेली सोय सुरू करायला लावली आणि फेरपरीक्षा ठेवली.

मी बाईंना फोन केला. "ताई, तुम्ही थांबला होतात. चूक माझी होती."

"मला बी वाटलं होतं थांबले म्हणून," त्या म्हणाल्या. "पण मशीन कशाला खोटं बोलंल? माझाच पाय उशिरा पडला, असं घरी सांगून टाकलं."

मला फार लाज वाटली.

फेरपरीक्षेत त्या त्याच जागी थांबल्या. ट्रॅक्टर निघून गेला. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "सर, तिकडं बी थांबली का?"

मी नांदेडला फोनवर विचारून घेतलं. "हाव, थांबली."

रस्ता मोकळा होता. तरी त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला नाही.