निम्मा बाक

आमच्या गुऱ्हाळाच्या धुराड्याचा बाक इस्लामपुरातल्या एका फॅब्रिकेटरनं करून दिला. नाव विचारायचं राहिलं. खडूनं फरशीवर पाव वर्तुळ काढून, मान तिरकी करून तो बराच वेळ बघत बसला. पाईपचे तिरके तुकडे कापून, जोडून तेवढं वळण आणायचं होतं.

"सगळा तिरका काप एकाच तुकड्याला दिला तर?" मी विचारलं.

"आवं, मग एकाचं तोंड लांबुळकं, दुसऱ्याचं गोल. निम्मा बाक ह्यानं घ्यायचा, निम्मा त्यानं. तवा जुळतंय."

शेजारच्या गाळ्यात त्याचा सख्खा भाऊ. दोघांत बोलणं नाही, असं चहावाला म्हणाला होता.

बाक तयार झाला, पण एकट्याला उचलेना. त्यानं भावाकडं पाहिलं, भावानं त्याच्याकडं. कुणीच हललं नाही.

दुसरं टोक मी धरलं.