एकाच मिनिटातल्या दोघी

मिनिटकाकूंनी दुसरी नात स्वीकारली नाही, ही बातमी जिना चढेपर्यंत "टाकून दिली" झाली आणि गच्चीवर पोहोचली तेव्हा काकूंनी लेकीलाही घराबाहेर काढलं होतं. खरं एवढंच, की नात काकूंनी नव्हे, त्यांच्या मशीननं नाकारली होती. आता मशीनला ही अक्कल शिकवली कोणी, ते विचारू नका.

काकू जन्मनोंदणीच्या कचेरीत. तळघरातल्या कपाटाएवढ्या मेनफ्रेम संगणकाचा प्रोग्रॅम त्यांनी ऐन तारुण्यात लिहिलेला. आईचा क्रमांक आणि मिनिटापर्यंतची जन्मवेळ, एवढ्यावरून बाळ ओळखायचं. तेव्हाच कोणीतरी विचारलं होतं, "आणि जुळी झाली तर?"

"झाली तर झाली! एकामागून एकच येणार ना?" काकू फणकारल्या होत्या.

आता त्यांच्याच लेकीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरीणबाईंनी एकाच मिनिटात दोघींना बाहेर काढलं. मशीननं पहिली घेतली आणि दुसरीला "ही आधीच आहे" म्हणून परत पाठवलं. नोंद नाही, तर लस नाही.

"आई, तुझ्या मशीनला सांग, रात्रभर रडतात त्या दोघी आहेत!" लेक खाटेवरून कडाडली.

"दुसरीच्या जन्मवेळेत एक मिनिट वाढवून टाका की," कचेरीतले साहेब म्हणाले. जावईबापूंनीही मान डोलावली. पण काकूंचा हात कीबोर्डवर अडला. लोकांच्या जुळ्यांतलंही एकेक असंच कोणी गुपचूप मिनिटभर धाकटं केलं असणार, आणि आपण मात्र "आजवर एक तक्रार नाही" म्हणून मिरवत होतो!

पदर खोचून त्या तळघरात उतरल्या. मशीनचं स्वतःचं घड्याळ सेकंदाचे इतके बारीक तुकडे करतं, की लागोपाठ दोनदा वेळ विचारली तरी तेच उत्तर पुन्हा देत नाही. ठरलं! बाळ ओळखायचं ते नोंद करतानाच्या या वेळेवरून. जन्मवेळ नुसती जन्मवेळ. पहिल्या फटक्यात मशीननं पहिलीलाही ओळख दाखवली नाही; तिची नोंद जुन्या पद्धतीची होती ना!

"सासूबाई, आधी निदान एक तरी होती," जावईबापू पुटपुटले.

काकूंनी त्यांना चहा आणायला पिटाळलं. चहा येईस्तोवर दोघी पडद्यावर एकीखाली एक उभ्या होत्या, जन्मवेळ दोघींची तीच.

जिन्यात बातमी फिरवणाऱ्या शेजारणीचं तरीही समाधान होईना. "पण मग थोरली कोणती हो, काकू?"

"ते त्या भांडून ठरवतील," काकू म्हणाल्या. "मशीनला मध्ये घालायचं नाही."